एक शिपाई म्हणजे तीस माणसं

नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळणारे लोक जगभर आहेत. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर हिरवं कापड किंवा रंगवलेले फोमचे तक्ते, एखादी टेकडी, दोन घरं, एक ओढा आणि दोन्ही कडांना हाताने रंगवलेले शेकडो शिपाई. खेळणाऱ्यांच्या हातात मोजपट्टी आणि फासे. बुद्धिबळासारखी घरं इथे आखलेली नसतात. पलटण किती पुढे गेली ते इंचांत मोजायचं, गोळीबाराचा परिणाम फाशांवर ठरवायचा. साधी लढाई संपायला अख्खी दुपार जाते, मोठी असेल तर शनिवार-रविवार दोन्ही.

पहिल्यांदा बघणाऱ्याला रंगकाम लगेच आवडतं, खेळ मात्र डोक्यावरून जातो. चोवीस शिपायांची कसली पलटण? अख्ख्या गावाच्या जागी एकच घर का? आणि एवढा अभ्यास करून शेवटी फासेच टाकायचे असतील तर सेनापतीचं काम काय? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे: खरी लढाई टेबलावर मावत नाही. मग काय लहान करायचं, काय जसंच्या तसं ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवावं लागतं. हे निर्णय नीट समजले की खेळ समजतो. माझ्या मते त्या काळची लढाईही पुस्तकापेक्षा जास्त समजते.

आधी गणित करून बघू. या छंदात सर्वात जास्त चालणारा शिपाई २८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या हिश्श्याएवढा. आता सहाशे जणांची एक ब्रिटिश पलटण घ्या. ती दोन रांगांत उभी राहायची, म्हणजे एका रांगेत तीनशे जण, खांद्याला खांदा लावून. प्रत्येकाला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जागा धरली तर पलटणीची लांबी १६५ मीटरच्या आसपास जाते. याला साठाने भागा: पावणेतीन मीटर. जेवणाच्या टेबलावर एक पलटणसुद्धा पूर्ण मावत नाही. त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभर मीटरपुढे भरवशाचा नसे. तेवढं अंतर या मापात साडेपाच फूट होतं. तोफेचा गोळा तर शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात पडेल. नेपोलियन शेवटचा हरला त्या १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईची चार-पाच किलोमीटरची आघाडी मांडायला फुटबॉलच्या मैदानाएवढी जागा लागेल.

म्हणून पहिली तडजोड माणसांच्या संख्येत. एक शिपाई म्हणजे वीस माणसं किंवा तीस माणसं, असं प्रमाण ठरवतात. तीसचं धरलं तर चोवीस शिपायांची पलटण म्हणजे ७२० जण. हे चोवीस जण बारा-बाराच्या दोन रांगांत उभे केले, प्रत्येकाला पावणेदोन सेंटिमीटर जागा दिली, की पलटण एकवीस सेंटिमीटर लांब होते. ७२० जणांची खरी ओळ जवळपास दोनशे मीटर, म्हणजे टेबलावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या नऊ-दहा मीटरांएवढा. आता बंदुकीचा पल्ला साधारण वितीच्या निम्म्यावर येतो, तोफेचा हातभर, आणि खेळ टेबलात बसतो.

पण शिपायाची उंची साठाव्या हिश्श्याची आणि जमीन नऊशेव्या हिश्श्याची, ही दोन मापं एकाच टेबलावर नांदतात. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाएवढा मावळा उभा असतो आणि कोणालाही ते खटकत नाही, तीच गोष्ट इथे. शिपायाच्या मापाचं एक घर ठेवलं की तेवढ्या जागेत खरं तर अख्खी वाडी असते. म्हणून नियमांत लिहिलेलं असतं की हे घर म्हणजे गाव समजा, यात एक पलटण मावेल.

या तडजोडीचा एक दोष मात्र सहज ध्यानात येत नाही. पलटणीची लांबी आपण बरोबर धरली, पण खोलीचं काय? दोन रांगा खऱ्या मैदानावर दोन-तीन मीटरांत मावतात. टेबलावर त्या चार सेंटिमीटर जागा खातात, म्हणजे जवळपास चाळीस मीटर. परिणामी टेबलावर राखीव सैन्य मागे लपवायला जागाच उरत नाही. टेकडीच्या मागच्या उतारावर पलटणी निजवून ठेवायची ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनची प्रसिद्ध युक्ती २८ मिलिमीटरच्या शिपायांनी नीट दाखवता येत नाही, ती यामुळे. ज्यांना मोठी लढाई हवी ते ६ किंवा १० मिलिमीटरच्या शिपायांकडे वळतात. तिथे चेहरे दिसत नाहीत, पण ब्रिगेड (काही पलटणींचा गट) ब्रिगेडसारखी दिसते. माझा कल यांच्याकडे आहे. मोठ्या शिपायांच्या देखणेपणापुढे हे मत फार कोणाला पटत नाही, तरी वॉटर्लू खेळायचं असेल तर मैदान मोठं दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

याच अडचणीशी झगडलेला एक माणूस म्हणजे ब्रिटिश लष्करातला विल्यम सिबोर्न. १८३०मध्ये त्याला वॉटर्लूच्या मैदानाची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो रणांगणावरच्या ला हे सांत या शेतघरात काही महिने राहिला, जमीन मोजली, पिकं कुठली होती हे विचारून घेतलं. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची पलटण नेमकी कुठे होती, समोर कोण होतं? उत्तरं शेकड्यांनी आली आणि आजही इतिहासकार ती वापरतात. १८३८मध्ये प्रतिकृती लंडनमध्ये लोकांना दाखवली गेली. तिच्यावर सत्तर हजारांच्या आसपास छोटे शिपाई आहेत. एवढा आटापिटा करूनही त्याला एक शिपाई दोन माणसांच्या जागी धरावा लागला. त्यात वेलिंग्टनच्या बाजूने लढलेल्या प्रशिया या जर्मन राज्याचं सैन्य किती दाखवायचं यावरून वेलिंग्टनच्या गोटाची नाराजी ओढवली आणि बरेच प्रशियन शिपाई काढून टाकावे लागले. विजयाचं श्रेय कोणाचं हा वाद टेबलावरच्या शिपायांच्या संख्येवरून झाला, आणि त्यात एका अभ्यासू माणसाची फार ओढाताण झाली. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

खेळाचं मूळ मात्र त्याच्याही आधीचं, आणि प्रशियाचं. राइसविट्झ नावाच्या बाप-लेकांनी ते काम केलं. बापाने १८१२मध्ये राजाला युद्धाच्या खेळाचं टेबल दाखवलं आणि मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४मध्ये नियम छापले. त्यात रंगवलेले शिपाई नव्हते, १:८००० प्रमाणाच्या नकाशावर छोटे ठोकळे सरकवायचे. मधे एक पंच. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाला लिहून देत आणि शत्रूचं जेवढं दिसेल तेवढंच पंच त्यांना सांगे. गोळीबाराचा निकाल फासे लावत. प्रशियाच्या लष्कराने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. पुढे १९१३मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांनी घरातल्या जमिनीवर, स्प्रिंगच्या तोफांनी खेळायचे सोपे नियम छापले आणि खेळण्यातले शिपाई मोठ्यांच्या हातात रीतसर आले.

आता मुख्य प्रश्न, नेपोलियनचाच काळ का? १८०५ ते १८१५ या दहा वर्षांत पायदळ, घोडदळ आणि तोफखाना असे गुंतलेले होते की एकट्याने कोणीच जिंकू शकत नसे. सगळा खेळ पायदळाच्या तीन मांडण्यांभोवती फिरतो.

पहिली मांडणी ओळीची. ब्रिटिश दोन रांगांत, फ्रेंच बहुधा तीन रांगांत. ओळीत सर्वाधिक बंदुका शत्रूकडे वळलेल्या असतात, त्यामुळे गोळीबार जोरदार. पण शे-दीडशे मीटर लांबीची ओळ शेतं, कुंपणं, खड्डे ओलांडत नेणं महाकठीण, आणि बाजूने घोडदळ आलं की ती संपलीच.

दुसरी मांडणी कॉलमची. फ्रेंच पलटणीत १८०८पासून सहा कंपन्या असत. दोन-दोन कंपन्या शेजारी आणि त्यांच्या मागे पुढच्या, असा ठोकळा करून पलटण झपाट्याने चालते. नवख्या सैनिकांना गर्दीत धीर येतो, वळणं सोपी जातात. मात्र पुढच्या रांगांनाच बंदूक चालवता येते, आणि तोफेचा एक गोळा ओळीत दोघांना लोळवत असेल तर कॉलममध्ये एकामागे एक कितीतरी जणांना.

तिसरी मांडणी चौकोनाची. घोडदळ अंगावर येताना पलटण पोकळ चौकोन करते, चारही बाजूंना संगिनी रोखून. घोडा संगिनींच्या भिंतीवर जात नाही. वॉटर्लूला फ्रेंच सेनापती मार्शल ने याने हजारो घोडेस्वार पुन्हा पुन्हा ब्रिटिश चौकोनांवर सोडले आणि एकही चौकोन फुटला नाही. पण हा चौकोन जागचा हलत नाही आणि तोफांना आयतं लक्ष्य ठरतो. त्याच संध्याकाळी ला हे सांत पडल्यावर फ्रेंचांनी तोफा आणि बंदूकधारी जवळ आणले. समोर आयर्लंडची २७वी पलटण चौकोनात उभी होती. तिची निम्म्याहून जास्त माणसं तिथेच पडली, कारण घोडदळाच्या भीतीने चौकोन मोडता येत नव्हता.

टेबलावर नेमका हाच पेच उभा राहतो. तुमच्या पलटणीसमोर शत्रूचं घोडदळ आहे आणि त्याच्या मागे तोफा. चौकोन करावा तर तोफा, करू नये तर घोडे. चांगला फ्रेंच खेळाडू घोडदळाचा हल्ला करतच नाही, ते नुसतं समोर आणून उभं करतो. पुस्तकात 'तिन्ही दलांचा समन्वय' हे शब्द आपण वाचून पुढे जातो. स्वतःच्या पलटणीवर ती वेळ आली की त्यांचा अर्थ कळतो.

आणि फासे? २३ जुलै १८१२ला, स्पेनमधल्या सालामांकाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, गार्सिया एर्नांदेस इथे ब्रिटिशांच्या बाजूच्या जर्मन घोडदळाने फ्रेंच चौकोन फोडला. गोळी लागलेला एक घोडा स्वारासकट थेट संगिनींवर कोसळला, भिंतीला खिंडार पडलं आणि मागचे स्वार आत घुसले. असं फार क्वचित झालं, पण झालं. नियम लिहिणाऱ्याने 'चौकोन फुटत नाही' असं लिहिलं तर ते खोटं, 'फुटतो' म्हटलं तरी खोटं. फासा ही त्या क्वचितपणासाठी ठेवलेली जागा आहे. सेनापतीचं काम नशिबावर मात करणं नसतं. दोन फासे वाईट पडले तरी पुढची फळी तयार असावी, ही तजवीज करणं त्याचं काम.

फाशांचा दुसरा उपयोग हुकमांसाठी होतो. आजच्या एका लोकप्रिय पद्धतीत खेळाडूने हुकूम आधी मोठ्याने बोलायचा: 'ही ब्रिगेड टेकडीच्या डाव्या अंगाने पुढे जाऊन कुंपणापाशी थांबेल.' मग दोन फासे टाकायचे. सेनापतीच्या कुवतीचा जो आकडा ठरलेला असतो त्याच्यापेक्षा जितके कमी पडतील तितकी ब्रिगेड पुढे सरकते. जास्त पडले तर ती जागची हलत नाही, आणि दोन्ही फाशांवर सहा आले तर भलतीकडेच निघून जाऊ शकते. नव्या खेळाडूंना याचा राग येतो. पण घोड्यावरून निघालेला हुकूमनामा वाटेत हरवणं, उशिरा पोचणं, चुकीचा वाचला जाणं, हे त्या काळी रोजचं होतं. तसंच पलटणी बहुतेक वेळा शेवटचा माणूस पडेपर्यंत लढत नसत. बरीच माणसं शाबूत असताना धीर सुटून त्या मागे फिरत. म्हणून चांगले नियम मेलेल्यांपेक्षा धीर मोजतात.

आता रंग. सैन्य उभं करण्यातला बहुतेक वेळ यातच जातो आणि इतिहासाचा खरा अभ्यासही इथेच होतो. ब्रिटिश पायदळाचे कोट लाल, हे सर्वांना माहीत असतं. रंगवायला बसलं की कळतं, कॉलर आणि बाहीच्या मनगटाचा रंग प्रत्येक रेजिमेंटचा वेगळा: कोणाचा पिवळा, कोणाचा गडद निळा, कोणाचा लालच. रेजिमेंटचा झेंडाही बहुधा त्याच रंगाचा. ९५वी रायफल्स पूर्ण गडद हिरव्यात. ऑस्ट्रियाचे पायदळी पांढऱ्यात, रशियाचे गडद हिरव्यात, प्रशियाचे गडद निळ्यात. फ्रेंच पलटणीत टोपीवरच्या गोंड्यावरून कंपनी ओळखता येते: साध्या चार कंपन्यांचे हिरवा, आकाशी, नारिंगी आणि जांभळा. ग्रेनेडियर, म्हणजे निवडक शिपायांच्या, कंपनीच्या खांद्यावर लाल झालर. १८१२च्या नव्या नियमांनी फ्रेंच कोट आखूड झाला आणि पुढून कमरेपर्यंत बंद झाला. तेव्हा १८०९च्या लढाईत १८१५चे शिपाई उतरवले तर जाणकार लगेच ओळखतात.

फ्रेंच कोटाच्या निळ्या रंगामागे व्यापार आहे. तो रंग निळीपासून यायचा आणि नीळ समुद्रापलीकडून. ब्रिटिश नौदलाने वाट अडवल्यावर नीळ मिळेना, तेव्हा १८०६मध्ये पायदळाला पांढरे कोट देण्याचा हुकूम निघाला. काही रेजिमेंटांना ते मिळालेही, पण बेत लवकरच सोडून दिला गेला. त्यामुळे १८०७चं फ्रेंच सैन्य मांडताना पांढऱ्या कोटाची एखादी पलटण ठेवता येते आणि ती चूक ठरत नाही.

रंगवायची पद्धत थोडक्यात अशी. धातूचा किंवा प्लास्टिकचा शिपाई साबणाच्या पाण्याने धुवायचा, साच्याच्या रेघा घासायच्या, प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारायचा, मग ॲक्रिलिक रंगांचे थर. मूळ रंग, त्यावर पातळ गडद वॉश जो चुण्यांत उतरतो, मग उंचवट्यांवर उजळ रंग. हा खटाटोप कशाला? प्रकाश लहान होत नाही म्हणून. खऱ्या माणसाच्या कोटाच्या घडीत खोल सावली पडते. २८ मिलिमीटरच्या शिपायावर खोलीतला उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि घड्या दिसतच नाहीत. म्हणून सावली आणि झळाळी आपण रंगवून द्यायची, थोडी भडकच, कारण हे शिपाई तीन फुटांवरून बघायचे असतात. शेवटी मॅट व्हार्निश, नाहीतर खेळताना बोटांनी रंग उडतो. एकेक शिपाई पूर्ण करत बसू नये. बारा-बाराचा गट घेऊन आधी सगळ्यांच्या पँट, मग सगळ्यांचे कोट, मग पट्टे, असं गेलं की पलटण पूर्ण होते. जुन्या शिपायांच्या धातूत शिसं असतं, ते घासताना मास्क लावावा आणि हात धुवावेत.

हे शिपाई घडवण्याचं मोठं केंद्र इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. तिथले जुळे भाऊ ॲलन आणि मायकेल पेरी नेपोलियनच्या काळाच्या शिपायांसाठी विशेष ओळखले जातात. लढाईच्या एका प्रात्यक्षिकात तोफेच्या अपघातात मायकेल यांनी उजवा हात गमावला आणि मग डाव्या हाताने मूर्तिकाम शिकून घेतलं. त्यांचे शिपाई हातात घेताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

सुरुवात करणाऱ्याने एकदम सैन्य जमवू नये. १/७२ मापाच्या प्लास्टिक शिपायांची एक पेटी फ्रेंचांची, एक ब्रिटिशांची. सर्वात स्वस्त रस्ता हाच. छोट्या चकमकीचे नियम घ्यावेत, ज्यांत एक शिपाई म्हणजे एकच माणूस असतो. तीस-चाळीस शिपायांत पूल, शेतघर, रसदगाड्यांची वाट अशा लढती खेळता येतात. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा, आणि पहिली पेटी रंगवून झाल्याशिवाय दुसरी घेऊ नये.

मराठी माणसाने मात्र पुढेमागे एक लढाई टेबलावर मांडावीच, असं मी आग्रहाने सांगेन. वॉटर्लूला जिंकलेला वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, आणि २३ सप्टेंबर १८०३ला तो आजच्या जालना जिल्ह्यात असईला लढला. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले. शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या अँथनी पोलमनच्या हाताखाली होते, आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीकडे एकूण नऊ-साडेनऊ हजार माणसं, मराठ्यांकडे त्याच्या कितीतरी पट. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून मधे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडण्याजोगी जागा, असणारच असा अंदाज वेलस्लीने बांधला, तिथून नदी ओलांडली आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे वेलस्लीच्या हुशारीवर थांबते. टेबलावर मांडली की दुसरी बाजू दिसते. नदीकडे तोंड करून उभी असलेली कवायती पायदळाची लांब ओळ, तोफांसकट, शत्रू नदी ओलांडत असतानाच काटकोनात वळली आणि केळणेपासून असई गावापर्यंत नवी आघाडी घेऊन उभी राहिली. वर मांडण्यांबद्दल जे सांगितलं ते आठवून पाहा: लांब ओळ नुसती सरळ नेणंही किती कठीण. उत्तम शिकलेल्या युरोपीय सैन्यालाही ही हालचाल सोपी गेली नसती. पुढे ७४वी स्कॉटिश पलटण असई गावाच्या तोफांसमोर भरकटली आणि कापली गेली. मराठ्यांचे गोलंदाज, म्हणजे तोफा चालवणारे, मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची ओळ पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून तोफा डागल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजे वेलस्लीच्या, फौजेची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. उतारवयात वेलिंग्टनला विचारलं गेलं की तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती, तेव्हा त्याने असईचं नाव घेतलं, असं सांगतात.

नियम निवडताना म्हणून एक काळजी घ्यावी. शिंद्यांच्या कंपूंना 'देशी फौज' म्हणून कमी दर्जाचे आकडे दिले तर ती वळण्याची हालचाल टेबलावर कधीच जमणार नाही. त्यांना कवायतीत युरोपीय पलटणींच्या बरोबरीचा आकडा द्यावा, गोलंदाजांना धीराचा सर्वात वरचा. वरच्या नेतृत्वाला मात्र कमी, कारण शिंदे, भोसले आणि पोलमन एका हुकमाखाली लढत नव्हते आणि बहुसंख्य घोडदळ जवळपास बघतच राहिलं. वेलस्लीच्या बाजूच्या खेळाडूला उताराची जागा आधी सांगू नये. ती पंचाने चिठ्ठीवर लिहून ठेवावी. नद्यांमधली आघाडी साधारण मैलभराची, म्हणजे सेंटिमीटरला नऊ मीटर या प्रमाणात सहा फुटी टेबलाच्या एका टोकाला केळणा आणि दुसऱ्या टोकाला जुई बरोबर बसते.